डोळ्यातून किरण बाहेर जातात असं एवढी हुशार माणसं का मानत होती?

सोनचाफा:
सध्या प्राचीन ग्रीकांवरचं एक जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणलंय आणि एका ठिकाणी अडकून बसलेय. एम्पेडोक्लीस म्हणतो की डोळ्याच्या आत विस्तव आहे, कंदिलात ठेवल्यासारखा, त्याचा उजेड बाहेर पडतो आणि वस्तूला जाऊन टेकतो म्हणून ती दिसते. तो एकटाच असं म्हणाला असता तर सोडून दिलं असतं, पण पुढे प्लेटो थोड्याफार फरकाने तेच म्हणतो, युक्लिड त्यावर अख्खी भूमिती रचतो, टॉलेमी प्रयोग करतो तेही हेच धरून. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून मोजलं तर जवळजवळ दीड हजार वर्षं झाली की. ही काही बावळट माणसं नव्हती. मग किरण डोळ्यातून निघत असतील तर अंधारात का दिसत नाही, हा साधा प्रश्न कुणालाच कसा पडला नाही? माझ्या दुसरीतल्या भाचीला लगेच पडला.
जाणकारांनी उजेड पाडावा (कोटी केली नाही, आपोआप झाली).

लोळणफुगडी:
आमच्या हेडबाईंच्या डोळ्यातून निघायचे. थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचायचे. मी साक्षीदार आहे.

गप्प_वाचक:
वाखूसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस_मास्तर:
पडला होता की प्रश्न. ॲरिस्टॉटलने अगदी हाच विचारलाय, डोळा कंदिलासारखा उजेड सोडत असेल तर रात्री पण दिसायला पाहिजे. पण प्लेटोकडे उत्तर तयार होतं. त्याच्या मते डोळ्यातला अग्नी एकटा पुरत नाही, बाहेरच्या दिवसाच्या उजेडात तो मिसळतो आणि दोघांचा मिळून वस्तूपर्यंत एक पट्टा तयार होतो. रात्री बाहेरचा जोडीदारच नाही, मग आतलाही विझतो. भाचीला हे सांगून बघा, गप्प बसते का ते कळवा.

आणि सोनचाफा, तुम्ही फक्त एकाच पक्षाचं वाचताय असं दिसतं. विरुद्ध पक्ष होताच. डेमोक्रिटस, एपिक्युरस ही अणुवादी मंडळी म्हणायची की प्रत्येक वस्तूवरून तिचे पातळ पापुद्रे सतत सुटत असतात आणि ते डोळ्यात शिरतात. दिशा आजच्यासारखी, बाहेरून आत. पण त्यांची पंचाईत बघा, गेलन हा वैद्य विचारतो की डोंगराचा पापुद्रा डोळ्याच्या एवढ्याशा बाहुलीतून आत जातो कसा? याला त्यांच्याकडे धड उत्तर नव्हतं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने तर फार सुंदर मुद्दा काढलाय. एखादं कडं, आपण बांगडी म्हणू, तिची कड डोळ्याकडे येईल अशी समोर आडवी धरा. सरळ रेघ दिसते. बांगडीचं अख्खं रूप उडून डोळ्यात येत असेल तर कशीही धरली तरी गोलच दिसायला नको का? पण डोळ्यातून सरळ रेषा निघतात असं माना, लगेच भूमितीने उत्तर निघतं. म्हणजे त्या काळी आकडेमोड आणि आकृत्या फक्त किरणवाल्यांकडे होत्या. पापुद्रेवाल्यांकडे नुसती कल्पना होती.

माझं मत विचाराल तर मी त्या काळात असतो तर किरणवाल्यांच्याच बाजूने बसलो असतो.

सोनचाफा:
मास्तर, बांगडी खरंच धरून बघितली आत्ता ऑफिसात. शेजारचा विचित्र नजरेने बघतोय.

लोळणफुगडी:
@सोनचाफा त्याच्या नजरेचे किरण लागले का?

तर्कटकाकू:
ग्रीकांवरच का थांबताय, आपल्याकडे तर यावर शतकानुशतकं भांडण चाललं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, डोळा तैजस मानलाय, म्हणजे तेज या द्रव्याचा बनलेला, आणि त्याचा रश्मी, म्हणजे किरण, बाहेर जाऊन वस्तूला भिडतो. याला म्हणायचं प्राप्यकारी, पोचून काम करणारा. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याची बाकायदा उलटतपासणी आहे आणि ती वाचायला इतकी मजा येते की माझ्या एमएच्या वर्गात याच तासाला हजेरी पूर्ण असायची.

पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, किरण निघतो तर आम्हाला तो दिसत का नाही? उत्तर: भर दुपारी उल्का पडली तर ती तरी कुठे दिसते? पूर्वपक्ष म्हणतो, काच, अभ्रक, स्फटिक यांच्या पलीकडची वस्तू दिसते, किरण तर तिथे अडला पाहिजे, म्हणजे डोळा न पोचताच बघतो. उत्तर: मग भिंतीपलीकडचं का दिसत नाही? न पोचता दिसत असेल तर भिंतीचाही अडथळा व्हायला नको. आणि सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे नक्तंचरनयनरश्मिदर्शनाच्च, रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतला रश्मी प्रत्यक्ष दिसतो. मांजर! माणसाच्या किरणाचं रूप प्रकट नाही म्हणून दिसत नाही, मांजराचं प्रकट आहे, एवढाच फरक.

बौद्ध आणि जैन मात्र म्हणायचे की डोळा अप्राप्यकारी, जागचा हलत नाही. दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताचा टोला मला फार आवडतो. इंद्रिय आपल्या जागेच्या बाहेर जात नाही, कारण उपचार तिथेच करतात. अंजन डोळ्यात घालतो, समोरच्या डोंगराला लावत नाही.

अर्धाचष्मा:
दिङ्नाग आमचा माणूस. सांगलीत ऑप्टिकलचं दुकान आहे माझं, उद्यापासून फोटो लावतो काउंटरवर.

मांजराचं मात्र सांगून टाकतो. तिच्या डोळ्यातल्या पडद्यामागे, म्हणजे रेटिनामागे, एक चकचकीत थर असतो, टॅपेटम म्हणतात, बाहेरून आलेला उजेड त्यावरून परत फिरतो म्हणून डोळे चमकतात. ठार अंधाऱ्या खोलीत, जिथे उजेडाचा कणही नाही, मांजराचे डोळे अजिबात चमकत नाहीत. पण गंमत बघा, एवढा ठार अंधार असेल तर चमकतात की नाही हे बघणार कोण आणि कसं. त्यामुळे नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांना, दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. हायवेवर रात्री लुकलुकणारे ते रिफ्लेक्टर आहेत ना, त्यांचा मूळ शोध इंग्लंडमधल्या पर्सी शॉचा, १९३४ चा, आणि तिकडे त्यांना मांजराचे डोळेच म्हणतात.

स्वदेशाभिमानी_७:
सगळं ग्रीकांचं कौतुक चाललंय. सायणाचार्यांनी ऋग्वेदभाष्यात प्रकाशाचा वेग दिलाय, अर्ध्या निमिषात (निमिष म्हणजे पापणी लवण्याएवढा वेळ) २२०२ योजनं (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप). हिशोब केला तर बरोब्बर आजचा वेग येतो. हे शाळेत शिकवत नाहीत.

खडूस_मास्तर:
आलं का हे, मी वाटच बघत होतो. ओळ खरी आहे, नाकारत नाही. सायण चौदाव्या शतकातला, पहिल्या मंडलातल्या सूर्याच्या सूक्तावर लिहिताना तो एक स्मृतिवचन देतो आणि त्यात सूर्याला नमस्कार आहे, अर्ध्या निमिषात इतकं क्रमणाऱ्या तुला नमस्कार असो असा. कशाने मोजलं, कुणी मोजलं, काही नाही. योजन ८ किलोमीटरचं धरणारेही आहेत आणि १३-१४ चं धरणारेही. निमिषाचीही तीच गत. मापं आपल्याला हवी तशी निवडली की उत्तरही हवं ते येतं. बारावीची पोरं प्रॅक्टिकलच्या वहीत हेच करतात, मी तीस वर्षं तपासल्यात.

वेग मोजणं म्हणजे काय ते ऱ्योमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं. गुरूचा चंद्र आयो सावलीतून ठरल्या वेळी बाहेर यायला हवा, पण पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की तो उशिरा दिसतो. १६७६ च्या नोव्हेंबरात तो दहा मिनिटं उशीर करील हे त्याने आधी जाहीर केलं. त्याचं म्हणणं होतं की पृथ्वीच्या कक्षेचा व्यास पार करायला उजेडाला २२ मिनिटं लागतात. आज आपण साडेसोळाच्या आसपास सांगतो. आकडा चुकला तरी पद्धत उघड आहे, कुणालाही परत करून बघता येते.

स्वदेशाभिमानी_७:
मेकॉलेची पिलावळ.

संपादक:
वैयक्तिक शेरे नकोत. विषयावर बोला.

तर्कटकाकू:
स्वदेशाभिमानी, अभिमान वाटायला मापं वाकवायची गरजच नाही हो. वेगाचा प्रश्न आपल्याकडे खरोखरच चर्चेत होता. झाडाची फांदी आणि तिच्या मागचा चंद्र एकाच वेळी दिसतात, किरण बाहेर जात असता तर जवळची फांदी आधी आणि चंद्र मागाहून दिसायला हवा होता, असा आक्षेप प्राप्यकारी मतावर घेतलेला आहे. त्यावर नैयायिक म्हणतो, एकाच वेळी नाहीच दिसत, कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर एकदम भोक पडल्यासारखं वाटतं, पडतं एकामागून एकच. आता ग्रीकांकडे बघा. अलेक्झांड्रियाचा हेरॉन म्हणतो की डोळे उघडल्याबरोबर तारे दिसतात म्हणून किरणाचा वेग अनंत असला पाहिजे. त्याच अडचणीतून आमच्या नैयायिकाने वेग फार मोठा पण मर्यादित आहे असा मार्ग काढला. मला हे २२०२ योजनांपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

खडूस_मास्तर:
काकू, दंडवत.

सोनचाफा:
मग हे पलटलं कधी आणि कुणामुळे? न्यूटन?

खडूस_मास्तर:
न्यूटनच्या खूप आधी. इब्न अल-हैथम, बसऱ्याचा, जन्म साधारण ९६५, नंतर कैरोत राहिला. तिथल्या खलिफाला नाईलचं पाणी आवरून देतो म्हणून गेला, जमत नाही म्हटल्यावर जीव वाचवायला वेडाचं सोंग घेतलं अशी कथा सांगतात, खरीखोटी देव जाणे. १०११ ते १०२१ च्या सुमारास त्याने प्रकाशावर सात भागांचा ग्रंथ लिहिला.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून केली. सूर्याकडे बघितलं तर डोळा दुखतो. लख्ख वस्तूकडे बघून डोळे मिटले तरी ती थोडा वेळ दिसत राहते. म्हणजे बाहेरचं काहीतरी डोळ्यावर परिणाम करतंय. पण एवढ्याने युक्लिड हरत नाही, आणि इथेच अल-हैथमचं मोठेपण आहे. तो म्हणाला, वस्तूचा अख्खा पापुद्रा येत नाही, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सगळ्या दिशांना सरळ रेषेत उजेड निघतो. झालं, डोंगर बाहुलीत मावायचा प्रश्नच मिटला. पण नवाच घोळ सुरू झाला, प्रत्येक बिंदूचा उजेड डोळ्याच्या प्रत्येक भागावर पडणार, म्हणजे नुसता काला. त्यावर त्याने तोड काढली की डोळ्याच्या पृष्ठभागावर काटकोनात पडतात तेच किरण मोजायचे, तिरके दुबळे पडतात. उरले किती? बरोबर युक्लिडचा डोळ्याशी टोक असलेला किरणांचा शंकू, फक्त बाण उलटे. सगळी जुनी भूमिती जशीच्या तशी वापरता आली. सोनचाफा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

लोळणफुगडी:
उरलेलं अर्धं पेपर फुटल्यावर.

निशाचर:
इब्न सिना या पर्शियन वैद्य-तत्त्वज्ञाचं एक वाचलं होतं मागे. तो म्हणतो डोळ्यातून काही निघून हवा बदलत असेल आणि त्या हवेमुळे दिसत असेल, तर कमी दिसणारी माणसं एकत्र जमल्यावर सगळ्यांनाच जास्त दिसायला पाहिजे.

लोळणफुगडी:
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा प्रयोग रोज सकाळी होतो. निष्कर्ष नकारात्मक.

डॉ_कांदेपोहे:
मास्तर छान लिहिलंत पण अल-हैथमचं एक राहिलं. त्याला वाटायचं की जाणीव डोळ्यातल्या भिंगातच होते. मागे पडदा आहे हे माहीत होतं, पण प्रतिमा तिथपर्यंत नेली तर ती उलटी होणार, आणि उलटं दिसतं असं कसं म्हणायचं, म्हणून त्याने भिंगाच्या मागे किरण असे वळवले की उलटंच होऊ नये. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या फेलिक्स प्लाटर या वैद्याने १५८३ मध्ये सांगितलं की खरं काम पडद्याचं, भिंग फक्त काचेचं काम करतं. आणि १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केपलरने ते धाडस केलं. तिरके किरण पण घ्या, भिंग त्यांना वळवून परत एका बिंदूत आणतं, पडद्यावर उलटं चित्र पडतं, पडू दे. उलट्याचं सुलट कसं होतं ते निसर्गतत्त्वज्ञांनी बघावं म्हणून मोकळा झाला.

हे स्वतः बघायचं असेल तर बकऱ्याचा डोळा आणा. आम्ही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होस्टेलवर केलं होतं. खाटकाकडून सकाळी ताजा डोळा आणायचा, आजूबाजूची चरबी आणि स्नायू कात्रीने साफ करायचे, मागच्या बाजूला पांढरं आवरण चिवट असतं ते ब्लेडने हळूहळू तासायचं, नखाएवढी खिडकी होईल इतकंच, आतला जेलीसारखा द्रव बाहेर आला की संपलं, दुसरा डोळा घ्या. त्या खिडकीवर बटर पेपरचा तुकडा लावायचा. खोलीत अंधार करून समोर मेणबत्ती धरली. कागदावर तांदळाच्या दाण्याएवढी ज्योत, खाली डोकं वर पाय, आणि मेणबत्ती डावीकडे नेली की ती उजवीकडे सरकायची. रूममेट शाकाहारी होता, दाराबाहेर उभा राहून विचारत होता दिसलं का दिसलं का. देकार्तने १६३७ मध्ये हाच प्रयोग बैलाच्या डोळ्यावर सांगितलाय, बटर पेपरच्या जागी कागद किंवा अंड्याचं कवच.

अर्धाचष्मा:
एक भर. चष्मे इटलीत १२८६ च्या आसपास निघाले. केपलर १६०४. म्हणजे तीनशे वर्षं लोक चष्मे विकत होते, घालत होते, आणि ते का चालतात हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. गिऱ्हाईकाला दिसलं ना, मग झालं. धंद्याची ही परंपरा आम्ही राखून आहोत.

म्युनिकचा_बंड्या:
उलट्याचं सुलट यावरून. स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आठ दिवस एका डोळ्यावर उलटं दाखवणारं भिंग लावलं, दुसरा डोळा बांधून ठेवला. सुरुवातीला हात भलतीकडे, नंतर सवय. आमच्यापासून दोनेक तासांवर ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आहे, तिथे कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने असे चष्मे लोकांना कितीतरी दिवस घालायला लावले, ती माणसं सायकल चालवायला लागली. यावरून सगळीकडे असं छापतात की काही दिवसांनी मेंदू चित्र सुलट करतो. पण १९९९ मध्ये इथल्या, जर्मनीतल्या एका गटाने परत करून बघितलं, माणसं सराईत झाली पण जग काही त्यांना सुलट दिसायला लागलं नाही.

मुळात प्रश्नच चुकीचा आहे असं मला वाटतं. पडद्यावरचं चित्र बघायला आत दुसरा माणूस बसलेला नाही.

तर्कटकाकू:
बंड्या, आत कुणी बसलेला नाही हे इतक्या सहज म्हणू नकोस, आत्मा मानणारे नैयायिक काठी घेऊन येतील. त्यासाठी वेगळा धागा काढ.

अर्धाचष्मा:
मोलिनोचा प्रश्न कुणी काढला नाही अजून? हा डब्लिनचा, बायकोची दृष्टी गेलेली. त्याने लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला विचारलं, जन्मांध माणसाला हाताने चाचपून गोळा आणि ठोकळा ओळखता येतो, उद्या त्याला दिसायला लागलं तर नुसतं बघून कुठला कोणता ते सांगता येईल का? लॉकने आपल्या पुस्तकाच्या १६९४ च्या आवृत्तीत ते छापलं आणि पुढे तीनशे वर्षं तत्त्वज्ञ भांडले. उत्तर मिळालं ते आपल्या देशात. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासूनचा मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांना पट्टी काढल्यावर लगेच हे करायला दिलं. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने ओळखता आली नाही, जवळपास अंदाजपंचेच. पण त्यातल्या काहींना थोड्याच दिवसांत जमायला लागलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्याकडे आईबाप चार-पाच वर्षांचं पोर घेऊन येतात, लहानपणापासून बुबुळात पांढरं होतं, वाटलं मोठेपणी जाईल. नाही जात. लगेच दाखवा.

सोनचाफा:
धागा कुठल्या कुठे गेला पण मजा येतेय. तरी माझा मूळ मुद्दा अजून थोडा शिल्लक आहे. भूमिती जमत होती हे पटलं. पण भूमिती येत नाही त्या माणसालाही हेच वाटत होतं ना? आमची आजी दृष्ट काढायची, मीठमोहऱ्या ओवाळून. तिने युक्लिड वाचला नव्हता.

निशाचर:
ती श्रद्धा तर भूमध्य समुद्रापासून आपल्यापर्यंत सगळीकडे आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कॉलेजातल्या कितीतरी मुलांना, दृष्टीवरचा धडा शिकूनही, डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं असं वाटतं. २०१९ चा प्रयोग अजून गमतीचा. पडद्यावर एक उभी कागदी नळी आणि तिच्याकडे बघणारा चेहरा, नळी किती तिरकी झाली तर पडेल असा अंदाज करायचा. चेहऱ्याचे डोळे उघडे असले की लोकांचा अंदाज किंचित बदलायचा, नजर नळीला हलकेच ढकलतेय असं धरल्यासारखा. डोळ्यांवर पट्टी असली की नाही. विचारलं तर बहुतेक जण म्हणणार नजरेत कसला जोर. दुसऱ्याचं लक्ष कुठे आहे हे ओळखताना आपला मेंदू डोळ्यापासून वस्तूपर्यंत बाण काढत असावा.

डॉ_कांदेपोहे:
पाठीमागून कुणी बघतंय असं जाणवतं तेही याच वर्गातलं म्हणायचं का?

निशाचर:
जाणवतं तेव्हा वळून बघतो, आणि आपण वळलो म्हणून तो बघतो. मग पुरावा पक्का.

पिक्सेलपाटील:
उशिरा आलो. मी गेमिंग कंपनीत ग्राफिक्सचं काम करतो आणि एवढा वेळ हसतोय, कारण आम्ही रोज युक्लिडचंच करतो. हल्ली गेमच्या जाहिरातीत रे ट्रेसिंग लिहितात ना, त्यात किरण दिव्यापासून सोडत नाहीत. कॅमेऱ्यापासून, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यापासून, पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण बाहेर सोडायचा, तो कशाला धडकतो ते बघायचं, तिथून दिव्याकडे वाट मोकळी आहे का बघायचं, मग ठिपक्याला रंग द्यायचा. दिव्यापासून सुरुवात केली तर बहुतेक किरण कॅमेऱ्यात येतच नाहीत, सगळी मेहनत वाया. १९६८ मध्ये आयबीएमच्या ॲपेलने डोळ्यापासून किरण सोडायची ही रीत मांडली, तेव्हापासून तेच. वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते, त्यामुळे आकार, सावली, आरशातलं प्रतिबिंब सगळं बरोबर येतं.

आणि युक्लिडच्या परंपरेत म्हणतात ना, की जमिनीवर पडलेली सुई पटकन सापडत नाही कारण किरणांच्या मधे फट असते आणि सुई त्या फटीत जाते? आमच्याकडे तो चालू बग आहे. प्रत्येक ठिपक्याला एकच किरण सोडला तर लांबची विजेची तार गायब होते, मधेच दिसते, मधेच तुटते. मग किरण वाढवायचे.

खडूस_मास्तर:
पाटील, हा प्रतिसाद आधी आला असता तर माझं निम्मं टायपिंग वाचलं असतं. एक दुरुस्ती मात्र. दिशा बदलून चालतं ते भूमितीपुरतं. डोळा का दिपतो, सूर्याने पडदा का जळतो, फोटो फिल्म काळी का पडते, तिथे बाणाचं टोक कुठे आहे याने फरक पडतोच.

लोळणफुगडी:
म्हणजे युक्लिड बरोबर निघायला दोन हजार वर्षं आणि एक महागडं ग्राफिक्स कार्ड लागलं.

सोनचाफा:
@डॉ_कांदेपोहे भाचीला बकऱ्याच्या डोळ्याचं सांगितलं. ती रविवारी करू म्हणतेय, वहिनी नको म्हणतेय. शनिवारी आणून फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का?

डॉ_कांदेपोहे:
नाही चालणार, पुढचा पारदर्शक भाग धुरकट होतो आणि काही दिसत नाही. रविवारीच सकाळी आणा. दोन-तीन जास्तीचे घ्या, पहिला हमखास फुटतो. ब्लेड भाचीच्या हातात देऊ नका, हातमोजे घाला. आणि वहिनींना सांगून करा.